शंभर फुटी वाळलेली निलगिरी: माणूस चढवावा की क्रेन आणावी?

पानगळ
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणालगत निलगिरीची तीन जुनी झाडं आहेत, इमारत बांधण्याच्या आधीपासूनची. मधलं झाड गेल्या पावसाळ्यानंतर पूर्ण वाळलं. पान एकही नाही, साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटतेय आणि जरा वारा सुटला की मनगटाएवढ्या फांद्या खाली येतात. उंची शंभर फुटांच्या घरात असावी. सातव्या मजल्यावरच्या गच्चीतून पाहिलं तरी शेंडा बराच वर दिसतो. एकीकडे आमची इमारत, दुसरीकडे शेजाऱ्यांचा कौलारू बंगला आणि कुंपणाबाहेरून विजेच्या तारा. झाड आडवं पाडायला कुठेच जागा नाही.

कमिटीने एका ठेकेदाराला बोलावलं होतं. तो म्हणाला, दोन पोरं चढवतो, दोराने तुकडे सोडतो, लगेच मोकळं करून देतो. चढणारा मुलगा सोबत होता. जेमतेम विशीचा, पायात स्लीपर, कमरेला नायलॉनचा दोर. त्याच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पण मेलेल्या झाडावर त्याला चढवायला माझं मन तयार होत नाही. क्रेन आणि बूम लिफ्ट (लांब हाताच्या टोकाला माणूस उभा राहायची बास्केट असलेली गाडी) लावून हे काम होतं असं ऐकलंय, पण खर्च कितीतरी जास्त. सर्वसाधारण सभेत हा खर्च मांडायचा तर कारणं नीट सांगता आली पाहिजेत. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

तांबडीमाती
पानगळ, तुमचं मन तयार होत नाही ते बरोबरच आहे. मी सिंधुदुर्गातला. माडावर सरसर चढणारी माणसं लहानपणापासून पाहिलीत. आमच्याकडे नारळ पाडायला येणारे काका साठीपर्यंत चढत होते. पण वठलेल्या माडावर चढायला त्यांनी दर वेळी नकार दिला, दुप्पट पैसे देऊ केले तरी. खाली कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर ठोकायचे, आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, याला दोर लावून दुरूनच ओढा.

चढणाऱ्याचा जीव ज्या दोरावर असतो तो दोर त्याच झाडाला बांधलेला असतो. झाडच मधून मोडलं तर दोर कितीही भारी असून उपयोग काय?

दोरखंड
मी क्रेन-इरेक्शनच्या धंद्यात आहे. मुख्य काम कारखान्यांचं, पण झाडं उतरवायलाही क्रेन दिल्यात. जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, लिफ्ट आणि क्रेन यांची कामं वेगळी आहेत. लिफ्ट माणसासाठी, क्रेन ओझ्यासाठी. करवत चालवणारा माणूस लिफ्टच्या बास्केटमध्ये उभा राहतो, झाडाला त्याचं वजन लागतच नाही. तुकडा कापायच्या आधी तो क्रेनच्या हुकाला टांगलेला असतो. कापून झाल्यावर तो पडत नाही, उचलला जातो. यातली एकच गोष्ट आणली तर अर्धा धोका शिल्लक राहतो. नुसत्या लिफ्टमधून कापायचं तर तुकडे अगदी लहान करून खाली टाकावे लागतात. तुमच्याकडे एका बाजूला कौलं आणि दुसऱ्या बाजूला तारा असताना ते जमणार नाही.

दुसरी गोष्ट, 'किती टनी क्रेन?' हा प्रश्न सगळे विचारतात आणि तिथेच फसतात. ८० टनी क्रेन ८० टन उचलते ती हुक तिच्या अगदी जवळ, तीनेक मीटरवर असताना. तुमचं झाड क्रेनच्या मध्यापासून १५ मीटरवर आहे आणि हुक ३३ मीटर उंच न्यायचाय असं धरू. मग बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, निदान ३६ मीटर बाहेर काढावा लागेल. तेवढा बूम काढून तेवढ्या अंतरावर तीच क्रेन मूळ आकड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. प्रत्येक क्रेनचा लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येतं त्याचा तक्ता, असतो. ठेकेदाराकडून तो मागून घ्या आणि तुमच्या अंतराच्या ओळीवर बोट ठेवून आकडा दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर त्याला काम देऊ नका.

आणि कृपा करून हायड्रा बोलावू नका. गल्लीबोळात लगेच मिळते, स्वस्त पडते, म्हणून लोक झाडांना हायड्रा लावतात. ती जवळचं ओझं उचलून थोडं पुढे न्यायला बनवलेली गाडी आहे. तिचा बूम तुमच्या झाडाच्या निम्म्यापर्यंत जेमतेम पोचेल. ओझं टांगून वळताना किंवा जमीन जराशी कललेली असताना ती आडवी होते. असे अपघात आमच्या धंद्यात सगळ्यांनी पाहिलेत.

सोनसावर
मी वनस्पतिशास्त्र शिकवते. यंत्रांबद्दल दोरखंड यांनी उत्तम लिहिलंय, मी झाडाबद्दल लिहिते.

आधी ते खरंच मेलंय याची खात्री करा. निलगिरीची साल एरवीही पट्ट्यांनी सुटते, तो आजार नव्हे. वेगवेगळ्या उंचीवर नखाने साल खरवडून बघा. आत हिरवट ओलसर थर असेल तर जीव आहे. बुंध्याशी कंसासारखी कडक बुरशी उगवलीय का तेही पाहा. ती गॅनोडर्मा नावाची बुरशी असेल तर मुळं आणि बुंध्याचा आतला भाग कुजलेला असण्याची शक्यता मोठी. मग ते झाड वरून मजबूत दिसलं तरी त्याला टेकूनसुद्धा काही करू नये.

घरटी बघितल्याशिवाय करवत लावू नका. वाळलेल्या लाकडात तांबट पक्षी भोकं पाडून राहतात आणि त्यांनी सोडलेल्या ढोल्यांत इतर पक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं हेही शिकारीतच मोजलं जातं. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत झाडाखालचा भाग दोरी लावून बंद ठेवा आणि थांबा.

जर्सीकर
न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्याकडे हा प्रश्न घरोघरी आलाय. एमराल्ड ॲश बोअरर नावाचा हिरवा चमकदार भुंगा ईशान्य आशियातून आला आणि २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. तेव्हापासून त्याने ॲशची कोट्यवधी झाडं मारली. आमच्या राज्यात तो २०१४ मध्ये सॉमरसेट काउंटीत मिळाला, म्हणजे मराठी वस्ती दाट आहे त्याच पट्ट्यात. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे खणतात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि तीन-चार वर्षांत झाड खलास.

पण मला सांगायचंय ते पुढचं. मेलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो. इतका, की इथले कसलेले चढणारे आर्बरिस्ट, म्हणजे झाडांची कामं करणारे व्यावसायिक, त्याला हात लावत नाहीत. आमच्या मागच्या अंगणातल्या झाडासाठी आलेल्या माणसाने दोन मिनिटं वर बघितलं आणि सांगितलं, यावर मी माझी माणसं चढवणार नाही, क्रेन येईल. मी भाव करायला लागलो तर तो म्हणाला, अजून एक वर्ष थांबलात तर क्रेनचा पट्टा बांधायलाही जागा उरणार नाही, शेंडा हातात येईल. हे गणित ध्यानात ठेवा. वाळलेलं झाड दर महिन्याला जास्त धोक्याचं आणि जास्त खर्चाचं होत जातं.

इथे ग्रॅपल सॉ नावाचं यंत्रही वापरतात. बूमच्या टोकाला पकड आणि करवत एकत्र असते, ती फांदी धरूनच कापते. चालवणारा खाली केबिनमध्ये बसतो. झाडावर कोणी नाही, बास्केटमध्येही कोणी नाही.

पानगळ
सर्वांचे मनापासून आभार. सोनसावरताई, साल खरवडून पाहिली. खाली आणि पहिल्या मजल्याच्या उंचीला दोन्हीकडे तपकिरी, कोरडी. बुंध्याशी बुरशी आहे. फोटो तुम्हाला निरोपातून पाठवलाय.

दोरखंड, एक शंका. झाडाजवळ क्रेन उभी करायची तर आमच्या मागच्या फरसबंद जागेवरच करावी लागेल. चालेल का?

दोरखंड
फरशीखाली काय आहे ते सांगा, मग उत्तर देतो.

क्रेन चाकांवर उभी राहून काम करत नाही. चार बाजूंचे जॅक बाहेर काढून त्यांवर ती उचलली जाते. ओझं एका बाजूला फिरलं की गाडीच्या आणि ओझ्याच्या एकूण वजनातला मोठा हिस्सा एकाच जॅकखाली येतो. खाली सेप्टिक टाकी, पाण्याची टाकी, जुना बोअर किंवा नुकतीच बुजवलेली ड्रेनेजची चारी असेल तर जॅक आत जातो आणि पन्नास टनांची गाडी इमारतीवर झोपते. सोसायटीचा मूळ नकाशा काढा. तो मिळाला नाही तर तुमच्या जुन्या प्लंबरला बोलावून चालत चालत खडूने खुणा करून घ्या. जॅकखाली लाकडी स्लीपर किंवा जाड लोखंडी प्लेट लागेलच. पण पोकळीवर प्लेट टाकून भागत नाही, तिथे जॅकच नको.

लिफ्टचंही तेच. एवढ्या उंचीची बूम लिफ्ट १५ ते २० टनांची असते. दिसायला नाजूक दिसते म्हणून लोक तिच्या वजनाकडे दुर्लक्ष करतात.

अमृता_ठाणे
कायद्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे.

नागरी भागातल्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. झाड तुमच्या आवारात असलं, वाळलेलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ते येऊन पाहणी करतात, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात किती झाडं लावायची ते त्याच्या वयावर ठरतं. तुमची झाडं सोसायटीच्या आधीची आहेत म्हणता, तेव्हा वयाचा मुद्दा येईलच. कागद पूर्ण होईपर्यंत क्रेनची तारीख घेऊ नका.

तारांसाठी महावितरणला लेखी कळवून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्या. 'तारांपासून लांबून काम करू' हे तोंडी आश्वासन चालणार नाही. क्रेनचा बूम धातूचा असतो आणि भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक लिफ्ट विजेपासून सुरक्षित केलेल्या नसतात.

ठेकेदाराकडे कामगारांच्या नुकसानभरपाईची विमा पॉलिसी आहे का आणि ती त्या तारखेला चालू आहे का, हे कागद हातात घेऊन बघा. 'आहे आहे' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

सचिन_भोर
सगळं पटतंय, पण एक वेगळी बाजू मांडतो. झाडं उतरवणारी माणसं आमच्या भागातून पुण्यात येतात. त्यांचं पोट यावर आहे. सोसायट्या क्रेनकडे वळल्या तर त्यांनी काय करायचं? आणि क्रेन आली तरी करवत चालवायला माणूस लागणारच ना?

दोरखंड
सचिनभाऊ, प्रश्न रास्त आहे. तुम्ही म्हणता तो माणूस लागतोच, आणि तो अनुभवीच लागतो. कुठून कापलं की तुकडा कुठे झुकेल, कुठली फांदी आतून ताणलेली आहे, हे क्रेन ऑपरेटरला कळत नाही, झाडावर हात बसलेल्या माणसाला कळतं. आम्ही काम घेतो तेव्हा चढणाऱ्या गड्यालाच बास्केटमध्ये घेतो. त्याला पूर्ण हार्नेस देतो आणि त्याची दोरी बास्केटच्या हुकात अडकवतो. झाडात नाही, हे फार महत्त्वाचं. झाडात अडकवली आणि तुकडा हलला तर माणूस बास्केटबाहेर ओढला जातो.

मजुरी कमी होत नाही. उलट त्याच माणसाला जास्त द्यावी आणि जीव राखून काम करू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. निरोगी, हिरव्या झाडाच्या छाटणीत चढणाऱ्याची जागा कुठलंही यंत्र घेऊ शकत नाही.

मिलिंद_सावंतवाडी
तुकड्याचं वजन आधी कसं कळतं? अंदाज चुकला तर?

दोरखंड
चांगला प्रश्न. ताज्या लाकडाला घनमीटरला एक टन धरायचं. निलगिरीला थोडं जास्तच. वाळलेलं हलकं असतं, पण आम्ही तोच आकडा धरतो. ६० सेंटीमीटर जाडीचा, ३ मीटर लांबीचा ओंडका म्हणजे साधारण साडेआठशे किलो. जाडी एक मीटर झाली की तेवढ्याच लांबीचा ओंडका सव्वादोन टनांच्या वर जातो. खाली येताना तुकड्यांची लांबी कमी करत जायची ती यासाठी.

चार्टवर येणाऱ्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त मी कधीच भरत नाही. हुक, पट्टे, शॅकल यांचंही वजन त्यात मोजायचं. पट्टा तुकड्याच्या मध्याच्या वर बांधायचा, म्हणजे कापल्यावर तो उलटा होत नाही. कापायच्या आधी हुकाने पट्टा हलका ताणून घ्यायचा, फार नाही. जास्त ताण दिला तर काप पुरा व्हायच्या आत लाकूड उभं चिरत जातं आणि तो सगळा ताण करवतवाल्याच्या तोंडावर सुटतो. सैल ठेवला तर तुकडा आधी खाली बसतो आणि मग झटका देतो. झटक्याचा भार वजनाच्या कितीतरी पट असतो, आणि लोड चार्ट त्यासाठी बनवलेला नाही.

वारा बघायचा. बहुतेक लिफ्टची मर्यादा ताशी ४५ किलोमीटर असते. पण पानांचा घेर टांगलेला असताना त्याच्या खूप आधीच थांबायला हवं. तुमच्या झाडाला पानं नाहीत, तेवढं सोपं.

पानगळ
काम झालं. उशिरा लिहितेय, पण सगळं सांगायचं होतं.

सभेत बराच विरोध झाला. या धाग्याच्या प्रती काढून वाटल्या होत्या. शेवटी एका आजोबांनी विचारलं, तो मुलगा आपल्या आवारात पडला तर आपण इथे रोज कसे राहणार? त्यानंतर फारशी चर्चा झाली नाही, ठराव झाला.

नकाशात मागच्या फरशीखाली जुनी सेप्टिक टाकी निघाली. क्रेन म्हणून बाजूच्या रस्त्यावर लावली. अंतर वाढलं, मोठी क्रेन लागली आणि खर्चही चढला. महापालिकेची परवानगी, वाहतूक पोलिसांची परवानगी, वीज बंद, सगळं आधी करून घेतलं. तळमजल्याची आणि बंगल्याची माणसं दिवसभरासाठी बाहेर गेली.

बास्केटमध्ये दोघे होते. त्यातला एक पहिल्या दिवशी स्लीपर घालून आलेला तोच मुलगा. नव्या ठेकेदाराला आम्हीच त्याचा नंबर दिला होता. या वेळी हेल्मेट, बूट, हार्नेस. खाली इशारे देणारा एकच माणूस, बाकी कोणी बोलायचं नाही असा नियम. शेंड्याचा पहिला तुकडा पट्टा बांधताबांधताच मधून मोडला. पट्टा वरच्या भागात होता म्हणून तो तसाच लटकत राहिला. बास्केट बाजूला, वरच्या अंगाला होती. तो मुलगा झाडावर असता तर त्याच मोडलेल्या जागेच्या आसपास त्याचा दोर असता.

पुढचं शांतपणे झालं. तुकडा बांधायचा, बास्केट मागे घ्यायची, कापायचं, क्रेनने रस्त्यावर उतरवायचं. बुंध्याचा छेद पाहिला तर मध्ये माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढी पोकळी होती.

तांबडीमाती
वाचून बरं वाटलं. त्या मुलाचा नंबर नव्या ठेकेदाराला दिलात ते फार आवडलं.

पानगळ
आता नवा विषय. कमिटीतल्या काहींना उरलेल्या दोन्ही निलगिऱ्यांचे शेंडे चाळीस फुटांवर उडवायचेत, 'क्रेन आलीच आहे तर' म्हणून. मी तेव्हा थांबवलं, पण विषय परत निघेल.

सोनसावर
कृपया होऊ देऊ नका. शेंडा उडवल्याने झाड सुरक्षित होत नाही, धोकादायक होतं. मोठ्या कापाची जखम भरत नाही, तिथून पाणी आणि बुरशी आत शिरते. निलगिरी जोमाने फुटते, पण हे नवे फुटवे खोडाच्या गाभ्यातून आलेले नसतात, सालीलगतच चिकटलेले असतात. काही वर्षांत ते पंधरा-वीस फुटांचे आणि जड होतात आणि वादळात बुडापासून सुटून येतात. शिवाय पानं एकदम गेल्यावर मुळं उपाशी पडतात.

त्यापेक्षा वाळक्या, घासणाऱ्या आणि इमारतीकडे झुकलेल्या फांद्या तेवढ्या खोडाला जुळतात तिथून नीट काढून घ्या. बुंध्यांभोवतीची फरशी निदान एक मीटर उखडा; दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये हाच आदेश दिला होता. मधलं झाड नेमकं कशाने गेलं ते मी सांगू शकत नाही, पण फरशी आणि सेप्टिक टाकीच्या मधोमध सापडलेली मुळं सुखी नव्हती एवढं नक्की. बुरशी शेजारच्या मुळांत गेलीय का ते दर पावसाळ्यानंतर पाहत जा.

अमृता_ठाणे
दोरखंड, आमच्याकडे पर्जन्यवृक्षाची एक मोठी फांदी वाळलीय, पण सगळं आवार पोडियमवर आहे, खाली पार्किंग. क्रेन येऊच शकत नाही. काही मार्ग?

दोरखंड
आहे. स्पायडर लिफ्ट म्हणून रबरी पट्ट्यांवर चालणारी छोटी लिफ्ट मिळते. मिटल्यावर साध्या फाटकातून आत जाते, वजन मॉडेलप्रमाणे दोन ते पाच टन. तिचे चार पाय लांब पसरतात, त्यामुळे भार वाटला जातो. तरी स्लॅबवर चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी हवं, आणि पाय शक्यतो खालच्या खांबांच्या रेषेवर घ्यायचे. फांदी क्रेनशिवाय उतरवायची म्हणजे लहान तुकडे, आणि दोर बांधायला त्याच झाडाचा निरोगी, जाड भाग. पर्जन्यवृक्ष हिरवा असेल तर तो मिळेल. खालच्या पार्किंगचं आणि स्लॅबचं ड्रॉइंग मिळालं की इथेच टाका, बघून सांगतो.